एक तास दहा मिनिटं

मी पेटी बोलतेय. पत्र्याची, हिरव्या रंगाची, हातभर लांब. झाकणावर पांढऱ्या रंगात दोन कमळं काढलेली आहेत. आता त्यांच्या निम्म्या पाकळ्या उडाल्यात.

फार वर्षांपूर्वी मी एक नवस बोलले होते. आगगाडीत माझ्या कडीला साखळी घालून ती खिडकीच्या गजाला बांधत. गाडी हलली की कडी खडखडायची ती थेट वर्धा येईपर्यंत. शेजारचे प्रवासी म्हणायचे, "अहो, ती पेटी गप्प करा जरा." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोटात दोन महालक्ष्म्या घेऊन बसलेली मी, आणि लोक म्हणतात गप्प करा! तेव्हा मी पोटातल्या त्या दोघींनाच म्हटलं, "आयांनो, एकदा मला विमानात बसवा. जन्मभर आवाज करणार नाही."

नवस फळला. मी विमानात बसले आणि शब्द पाळला. तेरा वर्षं गप्प होते. आज तो नवस मी मोडतेय. आयांनो, क्षमा करा, पण मला राग आलाय, आणि तो गिळून बसणं आता होत नाही.

मला केलं नागपूरच्या इतवारीत, पोपट मिस्त्रींनी. विमलाबाई तेव्हा नव्याने घर सांभाळू लागल्या होत्या. पितळी मुखवट्यांची जुनी लाकडी पेटी वाळवीने खाल्ली, म्हणून पत्र्याची करून घ्यायची ठरली. मिस्त्रींनी विचारलं, "बाई, किती लांब न्यायची असते?"

"महालातून सीताबर्डीपर्यंत. दिराच्या घरून आमच्या घरी. अर्धा तास."

"मग कडी हलकी चालते."

म्हणून माझी कडी अशी हलकी. त्यांचं चुकलं नाही. माझ्या जन्माच्या वेळी अर्धा तास म्हणजे खरोखरच अर्धा तास होता.

त्या घराचा नेम असा होता. गौरी-आवाहनाच्या दिवशी पेटी न्यायची ती सुनेने. एका उंबऱ्यातून निघाली की दुसरा उंबरा येईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पलीकडे सासू वाट बघत बसायची, लक्ष्म्या घरात येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही न घेता. अर्ध्या तासाच्या वाटेला हा नेम अगदी बेताचा होता. कोणाला जड गेला नाही.

पुढे विमलाबाईंचा धाकटा मुलगा राकेश पुण्याला आला. खडकीला एका खोलीत राहिला, नोकऱ्या बदलल्या, लग्न झालं, आणि खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या तशी तिथल्या एका कंपनीत चिकटला. थोरला संजय आणि त्याची बायको नंदा नागपूरलाच. मग ठरलं, मुखवटे एक वर्ष नागपूरला, एक वर्ष पुण्याला. माझी वाट अर्ध्या तासावरून सतरा तासांवर गेली.

तेव्हा विमलाबाईंनी स्वतःच नेम सैल केला. म्हणाल्या, "रेल्वेतला बर्थ म्हणजे पाट समजायचा. पेटी त्यावर ठेवली तर चालते. घर ते स्टेशन तेवढं गप्प राहायचं. आणि मी दुपारी जेवून घेत जाईन वो, सतरा तास कोण उपाशी राहील?" देवाच्या बाबतीत इतकं समजूतदार माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ही समजूत ज्याने मोडली तो आकडा मला अजून छळतो. एक तास दहा मिनिटं.

पुण्याहून नागपूरला थेट विमान सुरू झालं त्या वर्षी राकेशने तिकीट काढलं. त्यावर सुटायची वेळ साडेनऊ, पोचायची दहा चाळीस. त्याने आईला फोन लावला. मी दिवाणावर होते, प्रत्येक शब्द ऐकला.

"आई, आता काही सतरा तास वगैरे नाही. एक तास दहा मिनिटं! पूर्वाची शाळा आहे, माझं ऑफिसात रिलीज आहे, म्हणून दीपाली एकटीच येईल. साडेअकराला घरात."

पलीकडून विमलाबाईंचा आवाज एकदम तरुण झाला. "तासाभराचंच आहे तर मग पूर्ण नेम पाळता येते ना रे! दाराला दार. ती मौन धरेल, मी उपास धरेन. किती वर्षांनी!"

दीपाली शेजारी उभी होती. ती सोळा सोमवार केलेली बाई, श्रावणात मीठ सोडणारी. तिचेही डोळे चमकले. तिने तिथेच माझ्या झाकणावर हात ठेवला आणि मौनाचा संकल्प सोडला. तासा-दीड तासाच्या हिशेबाने संकल्प सोडला हो तिने! त्या तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की तिकिटावर विमानाची वेळ लिहिलेली असते, माणसाची नाही.

सकाळी सातला आम्ही उंबरा ओलांडला. खराडीतून रिक्षा निघाली. वाटेत विमाननगर लागलं. नाव विमानाचं, आणि तिथून विमानापर्यंत जायला पाऊण तास! राकेश रिक्षाशेजारी मोटरसायकलवरून आला, विमानतळाच्या दाराशी "बाय, एका तासात नागपूर!" म्हणाला आणि ऑफिसला गेला. दीपालीने नुसती मान हलवली.

तपासणीपाशी पहिली अडचण. वर्दीतला जवान म्हणाला, "मॅडम, इसमें क्या है?" दीपालीने तयार करून आणलेली चिठ्ठी पुढे केली, "मौन आहे. आत देवी आहेत. पेटी जमिनीला टेकवायची नाही." त्याला मराठी वाचता येईना. त्याने मला उचलायला हात घातला, तिने मला छातीशी घट्ट धरलं. मागची रांग चुळबुळू लागली.

तेव्हा मागून चिठ्ठी वाचून कोणीतरी जाड आवाजात बोललं. "साहेब, ताई मौन में हैं. पूजा का है." हे रावसाहेब. मार्केट यार्डातले संत्र्यांचे व्यापारी, बागा बघायला नागपूरला निघालेले. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं.

"मौन? एअरपोर्ट पे?"

"क्यों? इधर वैसे भी कोई किसी को कुछ बताता नहीं. एक ताई और नहीं बोलेगी तो क्या फरक पडेगा?"

मग प्रश्न आला पट्ट्याचा. मला त्या यंत्रातून जावं लागणार होतं. पट्ट्यावर ठेवलं तर नेम मोडला का? दीपालीने रावसाहेबांकडे असं काही पाहिलं की त्यांना न सांगता कळलं. ते वाकून बघून म्हणाले, "पट्टा जमिनीपासून तीन फूट वर आहे ताई. नेमात बसतं."

मी आत गेले. पडद्यावर माझ्या पोटातले दोन चेहरे उमटले आणि पडद्यापुढे बसलेली बाई खुर्चीतून अर्धी उठली. तिने झाकण उघडून बघितलं. नथ, मोठे डोळे, कपाळावर कोरलेलं कुंकू. तिने झाकण अलगद लावलं आणि हात जोडले. त्या दिवशी त्या इमारतीत मला भेटलेली तेवढीच एक शहाणी.

साडेनऊला विमान सुटायचं. साडेनऊला घोषणा झाली, अकराला सुटेल. कारण सांगितलं, तांत्रिक. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. या लोकांच्या तोंडी त्याचा अर्थ एकच, तुम्हाला सांगणार नाही.

दीपालीने राकेशला मोबाइलवर निरोप लिहिला. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं तिने मनाशी ठरवलं असणार. "विमान अकराला आहे. आईंना सांगा." उत्तर आलं, "सांगितलं. म्हटलं एक तास उशीर."

बघा हं. दीड तासाचा एक तास झाला. का? तर आईला कशाला काळजी. ह्या अशा काळजीची मला चीड येते.

अकरा वाजले. साडेबाराची घोषणा झाली. दीपालीच्या मांडीवर माझी कड रुतत होती. ती पाणी पीत नव्हती, कारण पाणी प्यायलं की उठावं लागेल, आणि उठलं तर मला धरून कुठे कुठे जाणार? रावसाहेब म्हणाले, "ताई, मी धरतो दहा मिनिटं." तिने मान हलवली. सुनेशिवाय कोणी धरायची नाही. ते स्वतः दोनदा जाऊन आले, दोनदा चहा प्यायले, आणि त्यांचा फोन वाजला तेव्हा ऐकून घेऊन मोठ्याने हसले.

"ताई, गंमत ऐका. काल संध्याकाळी यार्डातून माझा रिकामा ट्रक निघाला नागपूरला. तो पोचला! ड्रायव्हर जेवला, आता झोपतो म्हणतोय. आणि मी इथे, विमानवाला!" मग काउंटरवरच्या टाय घातलेल्या पोराकडे बघून म्हणाले, "अहो, तुमचं विमान एका तासात जातं हे मान्य. फक्त पुण्यातून निघायला त्याला दिवस लागतो, एवढं तिकिटावर छापा."

तो पोरगा म्हणाला, "सर, वी आर सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स."

"हे पण छापा."

आजूबाजूचे हसले. दीपाली हसली नाही. तिचं लक्ष मोबाइलवर होतं. राकेशचं उत्तर येत नव्हतं. तो क्लायंटबरोबर मीटिंगमध्ये होता. साडेबारा वाजायला आले तेव्हा निरोप आला. मी तो वाचला, कारण तिने मोबाइल माझ्या झाकणावरच ठेवला होता.

"आत्ता बोललो. म्हटलं अजून १ तास. आईची सुई झाली म्हणे बाराला, पण थांबते म्हणाली. १ तासच तर आहे."

मी पत्र्याची. मला थंडी-ऊन कळत नाही असं लोक म्हणतात. पण तो निरोप दीपालीने तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा का वाचला ते मला कळलं.

विमलाबाईंना साखरेचा आजार होता. जेवणाआधी अर्धा तास सुई घ्यायच्या, की लगेच पान वाढलेलं लागायचं. उपासाच्या दिवशीही सुई चुकवायच्या नाहीत. म्हणायच्या, "सुई पोटात टोचते, पोटात जात नाही. उपास मोडत नाही." साडेबाराला सून येणार, ह्या हिशेबाने त्यांनी बाराला सुई घेतली होती. आणि आता मुलगा म्हणतो, अजून एक तास. सुई घेऊन रिकाम्या पोटी बसलेल्या म्हातारीला तो म्हणतो, अजून एक तास! त्याला आईच्या सुईचं गणित ठाऊक नव्हतं. सतरा तासांच्या वाटेवर असताना फोन करून सगळं विचारायचा. वाट एका तासावर आली तशी विचारपूस संपली.

त्याच वेळी समोरच्या पाटीवरची वेळ पुन्हा बदलली. आता दोन वाजता सुटणार.

दीपालीने राकेशला फोन लावला. उचलला नाही. संजयभाऊजी कधीचे विमानतळावर घ्यायला गेलेले, त्यांचा फोन लागेना. उरला नागपूरच्या घरचा फोन, भिंतीवरचा, तारेचा. त्याला निरोप लिहून चालत नाही. तिथे तोंडच उघडावं लागतं.

तिने घरचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. मग विमलाबाईंचा आवाज आला, जड, जीभ अडखळत असलेला. "हॅलो... कोण वो?"

दीपालीचे ओठ हलले. सकाळी सातपासून बंद असलेले ओठ. मी पोटातल्या दोघींना म्हटलं, आयांनो, बोलू द्या हिला.

"आई, मी दीपाली."

पलीकडून लगेच, "काहून बोलली तू? मौन मोडलं?"

"हो. मोडलं. आधी साखर खा. आत्ता."

"वेडी झाली का? लक्ष्म्या दारात नाही अजून. राकेश म्हणे एक तास..."

"एक तास नाही आई! दोनची पाटी लागलीय, तीही खरी नाही. मला कोणी खरं सांगत नाही, आणि तुम्हाला त्याहून नाही. संध्याकाळ होईल. नंदाताईंना हाक मारा."

"संध्याकाळ तर संध्याकाळ. किती वर्षांनी पूर्ण नेम होऊन राहिला. मी थांबते. थोडं गरगरून राहिलं फक्त."

दीपाली उभी राहिली. आणि मग तिने जे केलं ते माझ्या सगळ्या आयुष्यात कोणत्या सुनेने केलं नव्हतं. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि खाली, त्या चकचकीत फरशीवर, जमिनीवर ठेवलं. लक्ष्म्यांसकट. फरशी बर्फासारखी होती.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की काउंटरवरच्या पोराने मान वर केली. "पेटी मी जमिनीवर ठेवली. ऐकताय? ठेवली. मौनही गेलं, पेटीही टेकली. आता नेमातलं काही शिल्लक नाही. तुम्ही कशासाठी उपाशी राहताय?"

रावसाहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्याखाली सरकवावा की नाही, अशा बेतात धरला होता.

मग लांबून विमलाबाईंचा आवाज, फोनपासून तोंड वळवलेला. "नंदा... अगं नंदा... साखर आण." पावलं, डबा पडल्याचा आवाज, आणि नंदाताईंची किंकाळी, "आई, घामाने भिजल्या तुम्ही!" पाच-सात मिनिटं दीपाली फोन कानाला लावून तशीच उभी. शेवटी नंदाताई फोनवर आल्या. "साखरेचं पाणी दिलं वो. आता वरणभात खाऊन राहिल्या. म्हणतात, दीपालीला सांग, पेटी उचल, फरशी थंड असेल."

दीपाली मला मांडीवर घेऊन रडली. रावसाहेबांनी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. ती घटाघटा प्यायली.

विमान दोन चाळीसला सुटलं आणि तीन पन्नासला उतरलं. बरोबर एक तास दहा मिनिटं! म्हणजे तो आकडा खोटाही ठरला नाही. हीच तर त्याची लबाडी. तो खरा राहतो आणि माणसं खोटी पडतात. माझा नवस फळला होता, मी ढगांच्या वर होते, पण मला खिडकीबाहेर बघावंसंही वाटलं नाही.

घरी पोचलो तेव्हा पावणेपाच. सकाळी सातला निघालेलो. आवाहनाचं अनुराधा नक्षत्र सव्वाचारलाच संपलं होतं. दारात विमलाबाई खुर्ची टाकून बसलेल्या, चेहरा पांढराफटक. दीपालीने उंबऱ्याशी खाली मान घातली. आता बोलणी बसणार असं मलाही वाटलं.

विमलाबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या पावलांनी. दीपालीच्या तोंडून ते निघेना. तेव्हा म्हातारी स्वतःच म्हणाली, "उशिराच्या पावलांनी आली. पण आली. ये आत."

संध्याकाळी राकेशचा फोन. "बघ आई, विमानाला किती लागलं? मी इंटरनेटवर पाहिलं. एक तास दहा मिनिटं!"

विमलाबाई म्हणाल्या, "विमानाचं विचारतच नाही मी. माझी सून सकाळी सातला निघून पावणेपाचला आली. आणि तुझी आई दुपारी जाता जाता राहिली. हे पाहून घे तुझ्या इंटरनेटवर." फोन ठेवला. राकेश पूर्वाला घेऊन त्याच रात्रीच्या गाडीने निघाला आणि दुसऱ्या दिवशी पूजनाला उभा राहिला. सतरा तासांची वाट. पोचला बरोबर.

त्यानंतर विमलाबाईंनी नेम बदलला. वाटेत मौन नाही, वाट बघणाऱ्याने उपास करायचा नाही. मुखवट्यांना राकेशने आतून फोम लावलेली, चाकांची काळी बॅग घेतली. ती आता विमानतळावर सरळ जमिनीवरून खडखडत जाते आणि तिला कोणी काही म्हणत नाही. मी खराडीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहे. माझ्या पोटात जुने चार्जर आहेत आणि राकेशच्या तीन कंपन्यांची गळ्यात घालायची ओळखपत्रं. माझी तक्रार नाही. बसायला जागा आहे, वर छप्पर आहे.

तक्रार आजची आहे. पूर्वा आता कॉलेजात जाते. आज सकाळी ती आजीशी फोनवर बोलत होती. विमलाबाई आता ऐंशीच्या आहेत, सुई अजून चालू आहे. पूर्वा म्हणाली, "चिल आजी, फ्लाइट एक तास दहा मिनिटांची आहे. लंचला तुझ्याकडेच. थांब हं माझ्यासाठी."

थांब हं माझ्यासाठी! माळ्यावर मी कडी आपटली, झाकण आपटलं. खाली पूर्वा म्हणाली, "आई, वर उंदीर आहे वाटतं." दीपाली मात्र स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी तशीच आली, तिच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "आई, पूर्वा घरातून आठला निघेल. दाराशी कधी पोचेल ते देवालाच ठाऊक. तुम्ही सुई घेतलीत की लगेच जेवून घ्या. ती आली की तिला गरम वाढा."

म्हणून वाचणाऱ्या बाई, बाबा, पोरी, तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्यासाठी कुठे कोणी पान मांडून बसलं असेल तर त्याला विमानाची वेळ सांगू नका. आपल्या घराच्या उंबऱ्यापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंतची सांगा. आणि वाटेत उशीर होतोय असं दिसलं, तर कसलंही मौन असो, मीटिंग असो, लाज असो, ती तिथेच मोडा. दीपालीने केलं तसं करा. फोन उचला आणि म्हणा, मला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.